बॅटरीचं पाणी

नवा जिल्हा झाला तेव्हा आमच्या गावात पेढे वाटले होते. मी नवी सून, मलाही एक मिळाला. जिल्हा म्हणजे नेमकं काय मिळणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण कचेरीच्या कामाला आता उस्मानाबादपर्यंत जायला नको, लातूरला जाऊनच काम न होता परत येता येईल, एवढा फायदा सगळ्यांना दिसत होता. पाट्या रंगल्या, वाळल्या, साहेब लोकांच्या खुर्च्या आल्या आणि मग पाठोपाठ दुष्काळ आला. तोही नवाकोरा, खास आमच्या जिल्ह्याचा. आता दुष्काळासाठीसुद्धा कुणाच्या तोंडाकडे बघायची गरज उरली नव्हती.

आमचं गाव अहमदपूर तालुक्यात, मुखेडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. माझं माहेर उमरीचं. माझे सासरे, ज्यांना मी मामा म्हणते, नोकरीची शेवटची वर्षं उमरीच्या स्टेशनात होते. तिथं माझ्या वडिलांशी त्यांचा जयभीम झाला, चहा झाला आणि पुढे मी या घरात आले. मामा निवृत्त झाले तरी रेल्वे त्यांच्या अंगातून निवृत्त झाली नव्हती. घरातली कुठलीही वस्तू बिघडली की ते आधी तिच्यापासून चार पावलं मागे सरकायचे, हात मागे बांधायचे आणि इंजिन बघावं तसं बघायचे. वस्तू दुरुस्त व्हायचीच असं नाही, पण बघणं मात्र पक्कं व्हायचं.

बघायला त्यांना घरात एक मोठी वस्तू होतीच. आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, डिझेलची एक जुनी पिकअप घेतली होती. बऱ्या वर्षांत ती तूर आणि ज्वारी घेऊन अहमदपूरच्या आडतीवर जायची. दुष्काळात तूरही नाही आणि ज्वारीही नाही, तेव्हा मालकांनी तिच्यात लोखंडी पिपं ठेवली आणि मुखेडच्या बाजूला, नदीकाठी, एका विहिरीला जेमतेम पाणी होतं तिथून गावात पाणी आणायला सुरुवात केली. विहीर नांदेड जिल्ह्यात आणि तहान लातूर जिल्ह्यात, अशी सोय होती. पूर्वी आमच्या वस्तीतल्या घागरीला लांब उभं करणाऱ्या घरांनी आमच्या गाडीतलं पाणी मुकाट भरून नेलं. दुष्काळाने हे एक समाजकार्य केलं, पण त्याची नोंद कुठल्या कचेरीत झालेली नाही.

हिशोब सरळ होता. सकाळी गाडी चालू झाली की पाणी दारात येणार. गाडी बसली की आम्ही बायका घागरी घेऊन त्या विहिरीला पायी जाणार, आणि जाऊन येईपर्यंत अर्धी सकाळ संपणार. मला तेव्हा सहावा महिना लागला होता. त्यामुळे त्या गाडीत माझा जीव इतर कुणाहीपेक्षा जास्त गुंतला होता, अगदी मालकांपेक्षाही.

आणि नेमकी हिवाळ्यात गाडीला थंडी बाधायला लागली.

पुण्या-मुंबईच्या माणसाला मराठवाड्यात थंडी असते हे सांगूनही पटत नाही. पौषात आमच्याकडे पहाटे जो वारा सुटतो तो गोधडीच्या टाक्याटाक्यातून आत येतो. मालक किल्ली फिरवायचे. गाडी कुरकुर करायची, पुन्हा फिरवली की आणखी बारीक कुरकुर, मग नुसता टक् असा आवाज, आणि मग काहीच नाही. डिझेलचं इंजिन थंडीत फिरवायला बॅटरीत मोठा दम लागतो आणि आमच्या बॅटऱ्यांचा दम केव्हाच गेला होता. गाडीला त्या दोन होत्या, एक सीटखाली आणि एक मागे फाळक्याजवळ. दोघी मिळून एकीचंही काम करत नव्हत्या.

मग उपाय सुरू झाले. काठीला चिंध्या गुंडाळून पेटवायच्या आणि हवा आत जाते तिथं धरायच्या. गाडी रस्त्याच्या उतारावर लावायची म्हणजे सकाळी ढकलता येते. उतार संपेपर्यंत चालू झाली तर ठीक, नाहीतर ती उताराच्या तळाशी जाऊन उभी राहायची आणि तिला वर कोण ढकलणार यावर पंचायत बसायची. इंजिनावर कढत पाणी ओतायचं. पाणी आणायला गाडी चालू करायची आणि गाडी चालू करायला घरातलं शेवटचं पाणी तापवून ओतायचं. हे मी एकदा मोठ्याने बोलून दाखवलं तेव्हा मालक म्हणाले, "तुला गाडीतलं काय कळतं?" मला गाडीतलं खरंच काही कळत नव्हतं. रिकामा रांजण तेवढा दिसत होता.

शेवटी मामांनी चार पावलं मागे सरकून, हात बांधून निकाल दिला, "बॅटऱ्या बदला."

बॅटऱ्या अहमदपूरलाही मिळत होत्या. पण जिल्हा झाल्यापासून कुठलीही महत्त्वाची गोष्ट लातूरहून आणायची असं गावात ठरूनच गेलं होतं. मलाही त्याच दिवशी लातूरच्या डॉक्टरीणबाईंना दाखवायचं ठरलं. आधी मला दाखवायचं ठरलं की आधी बॅटऱ्यांचं, हे मी विचारलं नाही. उतारावर ढकलून गाडी चालू केली आणि मामा, मालक, माझ्या सासूबाई म्हणजे आत्या, आणि मी असे चौघं निघालो. पूर्ण रस्ताभर मालकांनी गाडी एकदाही बंद होऊ दिली नाही. चहाला थांबलो तेव्हासुद्धा ती टपरीसमोर धडधडत उभी होती आणि टपरीवाला आमच्याकडे रागाने बघत होता.

दुकान गंजगोलाईच्या एका गल्लीत होतं. दुकानदार कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे ओढलेला, बोलका माणूस. त्याने विचारलं, "किती प्लेटची देऊ?"

मालक म्हणाले, "थंडी सोसंल अशी द्या."

"मग जास्ती प्लेटची घ्या. थंडीत डिझेल गाडी उठवायची म्हंजे झोपेतला पैलवान उठवायचा. लई ताकद लागती."

मामा पुढे झाले. रेल्वेत लागायच्या आधी पोरवयात ते बैलबाजारात एका दलालाच्या हाताखाली होते आणि घरात कुठलीही मोठी खरेदी निघाली की तो दलाल त्यांच्यात जागा व्हायचा. त्यांनी एकेक बॅटरी दोन्ही हातांनी उचलून वजनाचा अंदाज घेतला. बाजूंवर थापटलं. झाकणं उघडून आत डोकावून पाहिलं, जसे दातच मोजणार होते. मग जवळजवळ ठेवून जोडी शोभते का ते पाहिलं आणि म्हणाले, "ह्या दोन बऱ्या. उंचीला बी सारख्या हाइत." दुकानदाराला वाटलं गिऱ्हाईक वेडं आहे. मग मामांनी खांद्यावरचा टॉवेल काढून त्याच्या हातावर टाकला आणि खालून त्याची बोटं धरली तेव्हा त्याचा चेहराच बदलला. तोही आडतीच्या घराण्यातला निघाला. पुढचा सगळा सौदा बैलबाजारातल्यासारखा टॉवेलाखाली, बोटांच्या खुणांनी झाला. वर दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघत होते आणि खाली बोटं दाबली जात होती. एका अक्षराचाही आवाज नाही. आम्ही तिघं बाजूला उभे राहून बघत होतो आणि रस्त्यावरची माणसं थांबून आम्हाला बघत होती.

मध्येच मालकांना काटकसर सुचली. "एकच बदलू. मागली आजून दम धरून हाय."

दुकानदाराने टॉवेलाखालचा हात तसाच ठेवून मान हलवली. "तसं करू नका. जुनी नवीला खाऊन टाकती. दोन महिन्यांत नवी बी तिच्यासारखीच होती."

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बॅटरीकडे पाहिलं.

दोन्ही घ्यायच्या ठरल्या. त्यांत मसाला, म्हणजे तेजाबाचं पाणी, भरून त्या दिवसभर चार्जिंगला लावाव्या लागणार होत्या, म्हणून तेवढ्या वेळात मला दवाखान्यात नेण्यात आलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायला कडक. म्हणाल्या, जड उचलायचं नाही, पाण्याची घागर तर अजिबात नाही. धक्के बसू द्यायचे नाहीत. थंडीत उघड्यावर झोपायचं नाही. पाणी भरपूर प्यायचं, आणि तेही स्वच्छ. आत्यांनी सगळ्याला मान डोलावली.

संध्याकाळी बॅटऱ्या घ्यायला गेलो तर दुकानदाराने दोन्हींवर विभूतीचे पट्टे ओढून ठेवले होते. मामांनी आयुष्यात स्वतःच्या कपाळाला असलं काही लागू दिलं नव्हतं, पण तिथं ते गप्प राहिले. गाडीत बसवून झाल्यावर त्यांनी रुमालाने दोन्ही बॅटऱ्या स्वच्छ पुसल्या आणि म्हणाले, "त्याच्या दुकानात व्हत्या तवर त्याच्या. आता आपल्या." दुकानदाराने निघताना सूचना दिल्या. आपटू नका, धक्के बसू देऊ नका. काढून ठेवायची वेळ आली तर गार फरशीवर ठेवू नका, लाकडावर ठेवा. आतलं पाणी कमी होऊ देऊ नका, आणि कमी झालं तर फक्त हेच घाला, म्हणत त्याने डिस्टिल पाण्याच्या सीलबंद बाटल्या दिल्या. "ह्याच्याबिगर दुसरा एक थेंब न्हाई."

एकाच दिवशी आम्ही दोन्हीकडचं ऐकून आलो, आणि ऐकलेलं जवळजवळ सारखंच होतं. आमच्या घराचं कौतुक करायला हवं, की त्यांतलं एक त्यांनी शब्दशः पाळलं. रोज संध्याकाळी मालक बॅटऱ्या काढून घरात आणायचे. चुलीजवळची उबदार जागा माझी होती, ती त्यांना मिळाली. माझ्या आईने दिलेल्या बसायच्या पाटावर त्या ठेवल्या जायच्या आणि वरून गोधडी. मी दाराकडच्या बाजूला सरकले. मी सकाळी उठून सडा टाकायला वाकायचे तेव्हा कुणाचं लक्ष नसायचं, पण बॅटरी उचलताना मालक अशा हलक्या हाताने उचलायचे की बाहेरून आलेल्या माणसाला वाटावं, यांच्या घरी नुकतंच बाळ झालंय. बाटल्या आत्यांनी फळीवर, स्टीलच्या डब्यांच्या शेजारी मांडल्या. त्या घरातली ती सगळ्यांत चकचकीत वस्तू होती.

राग येत होता, पण खोटं कशाला बोलू, गाडी चालू व्हायला लागली. पहिल्या फिरकीला. पहाटे ती धडधड ऐकू आली की अंथरुणातच माझ्या अंगातून गार वारा निघून जायचा. पाणी दारात येत होतं. बायका पिपाभोवती गोळा व्हायच्या आणि कुणीतरी म्हणायची, "सून बाळंत होईस्तोवर तरी ही अशीच चालू दे बाई." एवढे बरे दिवस मला त्या घरात आधी मिळाले नव्हते.

पण गाडीतल्या चार पिपांवर गाव जगत नाही. ग्रामपंचायतीने टँकरसाठी लातूरला अर्ज केला होता. टँकर आला असता तर सगळ्यांचीच गाडीच्या कुरकुरीतून सुटका झाली असती, माझीही. आणि एका दुपारी अर्जाची पाहणी करायला साहेब आले. सरपंच कुठल्याशा लग्नाला मुखेडला गेलेले. साहेबांच्या जीपला वस्तीच्या तोंडाशी आमची पिकअप दिसली आणि त्यांनी तिथंच थांबायला सांगितलं. मामांनी दोन्ही खुर्च्या ओसरीवर आणल्या. साहेब बसले.

आता इथं आत्यांबद्दल सांगायला हवं. आत्या लहान असताना गावच्या विहिरीपाशी ओंजळ पुढे करून उभ्या राहायच्या. वरून कुणाला दया आली तर पाणी, नाहीतर तसंच घरी. एवढ्या वर्षांत त्यांच्या घरी साहेब लोक कधी आले तरी उभ्याउभ्या बोलून जायचे आणि पाणी विचारलं तर आत्ताच पिऊन आलो म्हणायचे. सगळे साहेब नेहमी आत्ताच पिऊन आलेले असायचे. तरीही आत्यांनी विचारलं, "साहेब, पाणी घेता का?"

साहेब म्हणाले, "द्या की. घसा कोरडा पडलाय."

आत्या आत आल्या. रांजणाच्या तळाला लालसर गाळाचं पाणी होतं आणि त्याला पिपातल्या डिझेलचा वास होता. ते त्या साहेबाच्या हातात कसं देणार? त्यांची नजर फळीवर गेली. त्यांना वाचता येत नव्हतं. पण झाकण लावून लातूरच्या दुकानातून आलेलं, काचेसारखं नितळ पाणी घरात आहे हे त्यांना माहीत होतं. गाडीसाठी एवढं चांगलं पाणी आणतात तर घरात पाणी मागणाऱ्या पहिल्या साहेबासाठी का नको, असा त्यांनी विचार केला. मी इतक्या वर्षांनी त्या विचारात चूक शोधून बघितली आहे, मला सापडलेली नाही.

मी मागच्या अंगणातून आले तेव्हा साहेबांच्या एका हातात गुळाचा खडा होता आणि दुसऱ्या हातात काचेचा पेला. त्यांनी तो उन्हात धरला होता. "अरे वा, एवढं नितळ पाणी! माझ्या लातूरच्या नळाला येत नाही असं." त्यांनी आणखी एक पेला मागितला. ड्रायव्हरनेही घेतलं. आत्यांचा चेहरा असा काही उजळला होता की मी तो आधी कधी पाहिला नव्हता, आमच्या लग्नातही नाही. मग मला खांबापाशी बाटल्या दिसल्या, रिकाम्या. ओसरीच्या कडेला उभ्या असलेल्या मालकांनाही त्याच वेळी दिसल्या, कारण त्यांचा घास अडकावा तसा चेहरा झाला.

मी म्हटलं, "साहेब, हे पाणी गावचं नाही. हे बॅटरीत घालायचं पाणी आहे. लातूरहून आणलंय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग मामांकडे पाहिलं, आणि मोठ्याने हसले. "सूनबाई चेष्टा चांगली करतात हो तुमच्या!"

आणि आमची माणसंही हसली. ड्रायव्हर हसला, ओसरीखाली उभे राहिलेले चार शेजारी हसले, आमचे मालक हसले. मामाही हसले. मी तिथं सहा महिन्यांचं पोट घेऊन उभी होते, अख्ख्या ओसरीवर खरं बोलणारी मी एकटीच होते, आणि सगळे माझ्या विनोदाला दाद देत होते. मला इतका संताप आला की मी आत जाऊन फळीवरचे डबे उगाच खाली काढले आणि पुन्हा वर ठेवले.

साहेबांनी कागदावर लिहिलं की गावात पिण्यायोग्य, स्वच्छ पाणी उपलब्ध आहे. पाहणी एवढी बारकाईने झाली होती, की पाणी त्यांनी स्वतः दोन पेले पिऊन पाहिलं होतं. टँकर दुसऱ्या गावाला गेला.

जीप गेल्यावर मी मालकांना विचारलं, "खरं का सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? साहेबाला बॅटरीचं पाणी पाजलं म्हणून? सकाळी पोलीस येतील दारात."

आत्यांना हे उशिरा समजलं आणि समजलं तेव्हा त्यांना टँकरची फिकीर पडली नाही, साहेबाची पडली. "त्यानं कायी व्हतंय का रे? मरंल बिरंल का त्यो?" मामांनी सांगितलं, ते लई साफ पाणी असतंय, कायी व्हत न्हाई. तरी पुढचे कित्येक दिवस लातूरहून एसटीने कुणी आलं की आत्या त्याला गाठून विचारायच्या, कचेरीतले ते साहेब बरे आहेत ना. माणसांना वाटायचं, या बाईचं कचेरीत मोठं वजन आहे.

इकडे बॅटऱ्यांतलं पाणी उतरत होतं आणि बाटल्या साहेबांच्या पोटात गेल्या होत्या. लातूरला एवढ्यासाठी कोण जाणार? मालकांनी विहिरीचं पाणी स्वच्छ धोतराच्या चौपदरी घडीतून गाळलं आणि बॅटऱ्यांत भरलं. ज्या पाण्यासाठी गाव रांगेत उभं राहत होतं त्यातलं सर्वांत चांगलं, गाळून, निवळून. बॅटरीसाठी याहून जास्त कुणी काही करू शकलं नसतं. बॅटऱ्यांनी थोडे दिवस उपकार मानले. मग थंडीची मोठी लाट आली आणि एका सकाळी कुर्र, कुर्र, टक्.

गाडी त्या दिवशी उतारावरही लावलेली नव्हती. एवढ्या नव्या बॅटऱ्या असताना उतार कशाला हवा, असं मालकांचं म्हणणं होतं. बघता बघता बोनेटभोवती माणसं जमली. मफलर बांधलेली डोकी आत वाकली. आता कुठल्या बॅटऱ्या घ्यायच्या यावर चर्चा सुरू झाली. एक म्हणाला ट्रकच्या घ्या. दुसरा म्हणाला ट्रॅक्टरची एकच बसवा, दोघींची भानगड नको. तिसऱ्याच्या मते नांदेडच्या बॅटऱ्या लातूरपेक्षा जास्त थंडी सोसतात. कुणीतरी बिड्या काढल्या. मालक मध्ये उभे राहून प्रत्येकाला प्लेटांचा हिशोब समजावून देत होते, आणि खरं सांगते, ते आनंदात होते.

वस्तीतल्या बायका तेवढ्यात घागरी घेऊन रस्त्याला लागल्या होत्या. आमच्या रांजणात तळाचा गाळही उरला नव्हता. मला सातवा महिना सरत आला होता. मी घागर कमरेवर घेतली, चुंबळ हातात घेतली आणि बोनेटच्या बाजूने निघाले. मालकांनी मला जाताना पाहिलं. त्यांच्या तोंडात 'एकवीस प्लेट' होतं, ते त्यांनी पूर्ण केलं.

"ठिव ती खाली."

मामा ओसरीवरून उतरून आले होते. पायात चपलाही नव्हत्या.

"मामा, घरात प्यायला पाणी नाही."

"ठिव म्हणलं न्हवं."

त्यांनी माझ्या कमरेवरची घागर काढून घेतली. आधी खांद्यावर ठेवून पाहिली, मग डोक्यावर. चुंबळ उलटी बसली होती. बोनेटभोवतीची डोकी वर आली. एकजण म्हणाला, "मामा, हे काय करून राहिलाव? बायकांचं काम हाय ते."

मामा म्हणाले, "गाडी चालू झाली की सांगा."

आणि ते चालू लागले. मी मागून रिकाम्या हाताने. रस्त्यावर बायकांनी आधी पदर तोंडाला लावला, काही खुदखुदल्या. मग त्यांतल्या एका म्हातारीने त्यांना थांबवून चुंबळ नीट करून दिली आणि मान कशी ताठ धरायची ते दाखवलं. मामांनी ऐकून घेतलं. विहिरीपर्यंत ते एकदाही मागे वळले नाहीत.

विहिरीवर घागर भरून झाली तेव्हा त्यांना दम लागला होता. ते काठावरच्या दगडावर बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या दिशी तू खरं बोललीस. मी बी हसलो."

मी घागरीत पडलेली काडी बोटाने काढली.

"तुझ्या आत्याचं तोंड बघून हसलो, पोरी. तिच्या हातचं पाणी साहेब मागून पिऊन राहिला व्हता. ते मोडू वाटंना. न्हाई वाटलं मला." मग म्हणाले, "पर त्याचं वझं तुझ्यावर पडलं."

डोळ्यांत पाणी आलं ते मी वाऱ्यावर ढकललं. रागाचं काय करायचं ते मला समजेना, कारण तो अजून होता आणि तरीही मला त्या म्हाताऱ्याच्या पायाला काटा लागू नये असं वाटत होतं.

परत येताना घागर सारखी हिंदकळत होती. पाणी त्यांच्या पाठीवरून ओघळत होतं, सदरा अंगाला चिकटला होता आणि त्या वाऱ्यात ते उघड उघड कुडकुडत होते. मी दोनदा म्हटलं, मामा, थोडं टेका. ते थांबले नाहीत. बोनेटपाशी माणसं तशीच होती. मालक पुढे आले आणि घागरीला हात लावायला लागले, तर मामांनी त्यांना बाजूला केलं. घरात येऊन घागर खाली उतरवली तेव्हा ती निम्मीच भरलेली होती. आत्यांनी आत डोकावून पाहिलं, मग फळीवरचा काचेचा पेला घेतला, तो भरला, आणि घरात इतकी माणसं तहानलेली असताना आधी माझ्या हातात दिला.